मिठाची टक्केवारी

दिवस पहिला : हुहुय ते पुर्मामार्का

नारळी पौर्णिमेला करंजाच्या खाडीत नारळ सोडला आणि दोन दिवसांनी मुंबईहून निघालो. आदिस अबाबा, साओ पाउलो, ब्वेनोस आयरेस करत अर्जेंटिनाच्या उत्तर टोकाला, सान साल्वादोर दे हुहुयला पोचेपर्यंत पायांचे खांब झाले होते. (नकाशावरची अक्षरं बघून आपण ‘जुजुय’ वाचतो. तिथे तसं विचारलंत तर कुणी रस्ता सांगणार नाही.)

सोबत भाचा. वय २८, चाकणला बॅटरी पॅक जोडणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, पुण्यात स्पॅनिशच्या दोन परीक्षा दिलेला. बॅटरीतलं लिथियम येतं कुठून, ते त्याला बघायचं होतं. मला मीठ बघायचं होतं. आम्ही उरणकडचे आगरी. माझ्या आजोबांचं मिठागर होतं. मे महिन्यात त्या वाफ्यांच्या बांधावरून मी अनवाणी पळालेली आहे, त्यामुळे जखमेवर मीठ चोळणं हा वाक्प्रचार मला शाळेत कुणी शिकवावा लागला नाही.

हुहुयहून टॅक्सीने दीड तासात पुर्मामार्का. गावाच्या पाठीशी सात रंगांचा डोंगर. पोस्टकार्डावर दिसतो तसाच, उगाच नावं ठेवण्यासारखं काही नाही. चौकात लोकरीच्या शाली, टोप्या, लामाच्या बाहुल्या. मी मात्र गावाच्या तोंडाशी ९ आणि ५२ नंबरचे महामार्ग मिळतात तो फाटा शोधत होते. डोंगर बघायला आलेली बाई फाटा कशाला विचारते, असा चेहरा करून मुक्कामाच्या घरच्या मालकीणबाईंनी हाताने दाखवला. मग स्वतःच म्हणाल्या, “हो, इथेच.”

जून २०२३ मध्ये हुहुय प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर हेरार्दो मोरालेस यांनी प्रांताची घटना महिन्याभराच्या आत बदलून घेतली. रस्ता अडवायला बंदी, आणि मूळ रहिवाशांच्या जमिनीबद्दलची कलमंही बदललेली. कोया आणि आताकामा गावांतली माणसं खाली उतरली आणि या फाट्यावर बसली. १७ जूनला इथे पोलीस आले, २० जूनला सान साल्वादोरमध्ये. रबरी गोळ्यांनी काहींचे डोळे गेले. जमिनीची दोन कलमं सरकारने मागे घेतली, बाकीची घटना तशीच लागू झाली. मग जुलैअखेर ही माणसं बोलिव्हियाच्या सीमेवरून निघाली आणि १ ऑगस्टला, म्हणजे धरणीमातेच्या सणाला, ब्वेनोस आयरेसला पोचली. पुढे कित्येक महिने सुप्रीम कोर्टासमोर तंबू ठोकून होती. या मोर्चाला ‘मालोन दे ला पास’ म्हणतात. साधारण अर्थ ‘शांततेची धाड’. हा तिसरा. पहिला १९४६ चा. तेव्हाही जमिनीच्या कागदासाठी लोक राजधानीपर्यंत चालत गेले होते. राष्ट्राध्यक्ष पेरोन यांच्या सरकारने आधी त्यांचं स्वागत केलं, उतरायची सोय केली, आणि मग जबरदस्तीने आगगाडीत कोंबून परत पाठवलं.

रात्री जेवताना भाचा फोनमध्ये बघून हिशेब सांगत होता. १९९४ च्या घटनेच्या १२४ व्या कलमाने इथली खनिजं केंद्राची नव्हेत, प्रांताची. प्रांताला स्वामित्वधन मिळतं ते खाणीच्या तोंडाशी धरलेल्या किमतीवर, चालू प्रकल्पांत जास्तीत जास्त ३ टक्के. शिवाय हुहुयने स्वतःची सरकारी कंपनी काढून दोन मोठ्या प्रकल्पांत ८.५ टक्के भाग घेतला आहे.

“आणि गावाला?” मी विचारलं.

“नोकऱ्या. रस्ते. शाळेला बस. जसं ठरेल तसं, मावशी.”

टक्क्यांची भाषा आमच्याकडे पोरं पाळण्यातच शिकतात. नव्या मुंबईसाठी जमिनी गेल्या, जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्यावर गोळीबार झाला, पाच माणसं गेली. दि. बा. पाटलांनी लावून धरलेल्या त्या लढ्यातून पुढे ‘साडेबारा टक्के’ आले, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. आमच्यात अजूनही सोयरीक जुळवताना ‘त्यांचे साडेबारा टक्के झाले का’ असं विचारतात. त्यामुळे एखाद्याने टक्के उच्चारले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो आकड्याचा नसतो. बाकीचे साडेसत्याऐंशी कधी गेले आणि तेव्हा कुणी विचारलं होतं का, हा असतो.

दिवस दुसरा : सालिनास ग्रांदेस

सकाळी सातला पिकअप घेऊन ड्रायव्हर दारात. पन्नाशीचा, गालात कोकाच्या पानांचा बोकणा. पुर्मामार्का २,३०० मीटरवर. तिथून लिपानचा घाट चढून खिंडीत पोचलो की ४,१७० मीटर, कळसूबाईच्या अडीचपट. वळणं वरंध घाटाला लाजवतील अशी. खिंडीत भाचा खाली उतरला, फोटोसाठी दोन पावलं पळाला आणि मटकन बसला. ड्रायव्हर हसून म्हणाला, “पुना!” विरळ हवेच्या त्रासाला इकडे पुना लागणं म्हणतात. इतकी वर्षं पुण्यात काढून या पोराला पुना लागली ती इथे येऊन. पानं चघळायला दिली. चव ओल्या गवतासारखी. दहा मिनिटांत रंग परत आला, निदान बोलण्याइतपत.

मग उतार, आणि समोर ते. आधी मला वाटलं ढग खाली बसलाय. जवळ आलो तसं कळलं की ते मीठ आहे, आणि त्याला पलीकडचा काठच नाही.

३,४५० मीटर उंचीवर शेकडो चौरस किलोमीटर मीठ. आत जायचं तर गावच्या वाटाड्यालाच सोबत घ्यावं लागतं; त्याची पावती फाडतात, पैसे गावांच्या खात्यात जातात. आमचा वाटाड्या विशीतला. डोळ्यांवर काळा चष्मा, नाकाडोळ्यांपर्यंत फडकं, वर टोपी. चेहरा असा मला संध्याकाळपर्यंत दिसलाच नाही. त्याने आम्हाला आधी ‘डोळे’ दाखवले. मिठाच्या कवचात पडलेली भोकं, खाली निळंशार पाणी. मग वाफे. दोन माणसं शेजारी आडवी होतील एवढे आयताकृती खड्डे, ओळीने खणलेले, प्रत्येकात फिकट हिरवं पाणी. काठावर मिठाची खडी पोळीच्या पापुद्र्यासारखी धरलेली.

मी गुडघ्यावर बसले आणि बोट बुडवून जिभेला लावलं. आमच्या मिठाला मागाहून एक किंचित कडवट चव येते. ती नव्हती. हे नुसतं खारट, थंड, दाताला झिणझिण्या आणणारं.

“तुमच्याकडे पाणी कुठून घेता?” वाटाड्याने विचारलं. भाच्यामार्फत मी सांगितलं : भरतीचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत तापवायचं, शेवटच्याला पोचेपर्यंत ते जड होतं, मग फळीने ओढायचं. आजोबा म्हणायचे, मीठ उन्हानं नाही पिकत, वाऱ्यानं पिकतं. ‘मीठ पिकणं’ याचं भाषांतर भाच्याला जमेना. त्याने काहीतरी ‘मीठ वाढवणं’ असं केलं. वाटाड्या चटकन म्हणाला, “बरोबर. आम्हीपण तेच म्हणतो.” इथे पाणी वरून ओतत नाहीत, खड्डा खणला की खालून येतं. उन्हाळ्याच्या पावसात, डिसेंबर ते मार्च, सगळं मैदान भरतं. मग महिनोन्‌महिने वाट बघायची. पूर्वी मिठाच्या विटा पाडून, लामा आणि गाढवांच्या पाठीवर लादून खालच्या दऱ्यांत न्यायचे आणि मका घेऊन परत यायचे.

सालिनास ग्रांदेस आणि शेजारच्या ग्वायातायोक सरोवराभोवती मूळ रहिवाशांची ३३ गावं आहेत. २०१० मध्ये कंपन्या लिथियमचा शोध घेऊ लागल्या तेव्हा ही गावं एकत्र आली आणि थेट देशाच्या सुप्रीम कोर्टात गेली. मागणी एवढीच की आम्हाला विचारा. मूळ रहिवाशांना आधी, खरी माहिती देऊन विचारावं, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १६९ वा करार सांगतो आणि अर्जेंटिनाची त्यावर सही आहे. मार्च २०१२ मध्ये सुनावणी झाली, डिसेंबरमध्ये कोर्टाने ‘हे आमच्याकडचं प्रकरण नाही’ म्हणून हात झटकले.

मग गावांनी जे केलं ते मला फार आवडलं. विचारायचं कसं, याचीच नियमावली त्यांनी बसून लिहिली. २०१५ साली ती पुरी झाली. नाव ‘काची युपी’, केचुआ भाषेत मिठाच्या पाऊलखुणा. कुणी यायचं, कोणत्या भाषेत बोलायचं, पंचायत कशी भरवायची, किती वेळ द्यायचा, नाही म्हणायचा हक्क कसा वापरायचा, हे सगळं मिठाच्या हंगामाच्या क्रमाने लावलेलं. मीठ त्यात माल म्हणून येतच नाही, जिवंत नातलग म्हणून येतं. आमच्याकडे १९७० साली कुणी अशी वही लिहिली असती तर? असं मनात आलं आणि मी ते तिथेच सोडलं. आमच्या हातात तेव्हा नोटीस आली होती, वही नव्हे.

दुपारी वाऱ्याचा जोर वाढला. मिठाच्या विटांनी बांधलेल्या टपरीच्या आडोशाला बसून बटाटे आणि लामाच्या मटणाचा रस्सा खाल्ला. भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं : लिथियमला नाही, पाण्याला आणि जगण्याला हो. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मावशी, पण मग पेट्रोलच जाळत राहायचं का?” प्रश्न खोटा नाही. एका मोटारीच्या बॅटरीला साधारण ८ किलो लिथियम लागतं, ते कुठून तरी यायलाच हवं. मी त्याला म्हटलं, तू हा प्रश्न इथे ज्या घरी बॅटरीची मोटार नाही, त्या घरच्या माणसाला विचारतोयस, एवढं लक्षात ठेव. तो रागावला नाही. त्याचं मन मोठं आहे, माझी जीभ तेवढी नाही.

निघताना वाटाड्याने विचारलं, “आणि तुमच्या आजोबांच्या वाफ्यांत आता कोण मीठ काढतं?”

“कुणी नाही. तिथे कंटेनर उभे असतात.”

भाच्याने हे भाषांतर केलं तेव्हा तो मुलगा मान खाली घालून बुटाने मीठ उकरत राहिला. मग मुठीएवढा एक खडा उचलून माझ्या हातात ठेवला.

दिवस तिसरा आणि चौथा : सुस्केस

बेत असा होता की सुस्केसला रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी बसने हामा खिंडीतून चिलीत उतरायचं. खिंडीत बर्फ आणि वारा, रस्ता बंद. कधी उघडेल? “उघडेल तेव्हा.” एक दिवस गेला.

सुस्केस हे विटामातीच्या घरांचं गाव, ३,६०० मीटरच्या वर. गवताने शाकारलेलं जुनं मातीचं चर्च आहे, त्यात निवडुंगाचं लाकूड वापरलेलं. रात्री नळातलं पाणी गोठलं. अंगावर तीन घोंगड्या आणि तरी दात वाजत होते. दुपारी मात्र उन्हात बसवत नाही. अशा ठिकाणी अडकलं की माणूस बोलतो, आणि आमचा ड्रायव्हरही अडकलाच होता.

त्याचा चुलतभाऊ ओलारोसच्या लिथियम प्रकल्पात आहे. चौदा दिवस काम, चौदा दिवस सुट्टी. घर बांधलं, पोरगी सान साल्वादोरला नर्सिंग शिकते. “सालिनासवाले नाही म्हणतात, कारण त्यांच्याकडे टुरिस्ट आहेत,” ड्रायव्हर म्हणाला. “इथे कोण येतं? तुम्ही. तेही बर्फ पडला म्हणून.” मग थोडं थांबून, “पण चुलतभावाशी आता बोलत नाहीत काही घरं.” ओलारोस २०१४–१५ पासून चालू आहे, शेजारचा काउचारी प्रकल्प २०२३ पासून. तिथल्या गावांनी संमती दिली, पण ती एकेका गावाने वेगवेगळी. सालिनासची ३३ गावं एक वही करून बसली, इथे प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बोलावून विचारलं. एका भावाच्या जमिनीचा मोबदला दुसऱ्याच्या आधी आला की घरात काय होतं, ते मला ड्रायव्हरने सांगायची गरज नव्हती.

चौथ्या दिवशी मुक्कामाच्या घरी पाचामामाची, म्हणजे धरणीमातेची, पूजा. ती खरी १ ऑगस्टची, पण महिनाभर चालते, घरोघर वेगळ्या दिवशी. अंगणात खड्डा खणला. घरधन्याने धूप फिरवला. मग एकेकाने दोन्ही हातांनी खड्ड्यात कोकाची पानं, शिजवलेलं अन्न, मक्याची दारू, शेवटी पेटवलेली सिगारेट. मला बोलावलं. माझ्याकडे काय होतं? पिशवीतली सुकटीची चटणी काढली आणि चिमूटभर धरणीला घातली. म्हातारीने वास घेतला, भुवया उंचावल्या, आणि मान डोलावली. खड्डा मातीने बुजवून वर दगड रचले.

संध्याकाळी वायफाय आलं तेव्हा भाच्याने मला काबीलचं दाखवलं. ‘खनिज बिदेश इंडिया लिमिटेड’, आपल्या सरकारची कंपनी, तीन सार्वजनिक उपक्रमांनी मिळून २०१९ मध्ये काढलेली. १५ जानेवारी २०२४ रोजी तिने इथून दक्षिणेच्या कातामार्का प्रांताच्या कंपनीशी करार केला : लिथियमचे पाच पट्टे, १५,७०३ हेक्टर, खर्च सुमारे २०० कोटी रुपये. म्हणजे या मैदानांकडे बघणाऱ्यांत आता आपणही आहोत. त्याच कातामार्कात, मार्च २०२४ मध्ये, प्रांताच्या वरिष्ठ कोर्टाने ओंब्रे मुएर्तो मिठागराला पाणी पुरवणाऱ्या लोस पातोस नदीच्या खोऱ्यात नवे परवाने थांबवले. सगळ्या प्रकल्पांचा मिळून परिणाम किती, याचा अभ्यास आधी करा म्हणाले. तिथे १९९० च्या दशकापासून उपसा चालू आहे आणि त्रापिचे ओढ्याकाठचं कुरण वाळून गेलं आहे. प्रत्येक प्रकल्पाचा वेगळा अहवाल, बेरीज कुणाचीच नाही. आणि दिल्लीचं कशाला, ब्वेनोस आयरेसलाही घाई आहेच. जुलै २०२४ मध्ये मिलेई सरकारने मोठ्या गुंतवणुकीसाठी कायदा केला, २० कोटी डॉलरच्या वर पैसे आणा आणि ३० वर्षं कर-नियम बदलणार नाहीत अशी हमी घ्या. तीस वर्षं! आमच्याकडे अध्यादेश तीस दिवस टिकला तरी लोक पेढे वाटतात.

दिवस पाचवा : हामा

रस्ता उघडला. बस सुस्केसला थांबवून घेण्याची व्यवस्था ड्रायव्हरनेच केली. तासाभरात लांबवर ओलारोसचं मैदान आणि त्यात रेघा मारल्यासारखे तलाव, आजोबांच्या वाफ्यांची शंभरपट मोठी नक्कल. मी काचेला नाक लावून बघत होते. तंत्र तेच आहे हो. पाणी फिरवायचं, वाऱ्याला द्यायचं, जड होऊ द्यायचं. फरक इतकाच की आमच्या वाफ्यात शेवटी उरतं ते मीठ. यांच्या तलावात मीठ आधी बसतं, ते बाजूला काढून ढिगारे घालतात, आणि सगळ्यात शेवटी जे पिवळट तेलकट पाणी उरतं, ते पाहिजे असतं. आम्ही ज्याला उरलंसुरलं म्हणून खाडीत सोडत होतो, तसलं.

हामाला, ४,२०० मीटरवर, सामानाची तपासणी. बी-बियाणं, फळं, मांस-मासळी चिलीत न्यायला बंदी. कोकाची पानं गेली, सुकट गेली. मिठाच्या खड्याला अधिकारी बाईंनी उलटसुलट करून पाहिलं, नखाने खरवडलं आणि परत दिलं. मग ५,९१६ मीटरच्या लिकांकाबुर ज्वालामुखीच्या कुशीतून बस जी उतरायला लागली ती सान पेद्रोपर्यंत. कान तीनदा फुटले.

दिवस सहावा : तोकोनाओ, चाक्सा

सान पेद्रो दे आताकामा म्हणजे मातीच्या भिंतींमधलं कळंगूट. सायकली, पिझ्झा, चांदणं दाखवणाऱ्या सहली. सकाळीच तिथून पळालो. इथल्या लोकांचं स्वतःचं नाव लिकान आंताय. त्यांची कुंसा भाषा आता कुणी घरात बोलत नाही. पण गाणी आणि गावांची नावं उरली. पाण्याला कुंसात ‘पुरी’ म्हणतात. त्या दिवशी पुना, आज पुरी. भाच्याला जगन्नाथाची आठवण झाली, मला भुकेची.

इथली व्यवस्था अर्जेंटिनाच्या उलट आहे. १९७९ मध्ये, हुकूमशहा पिनोचेच्या राजवटीत, लिथियम राष्ट्रासाठी राखीव ठरवलं, कारण तेव्हा ते अणुऊर्जेचं द्रव्य समजत. आजही किती काढायचं याला अणुऊर्जा आयोगाची मंजुरी लागते. आताकामा मिठागरातले हक्क कोर्फो या सरकारी महामंडळाचे. ते दोन कंपन्यांना भाड्याने दिले, अमेरिकेची आल्बेमार्ल आणि चिलीची एसक्यूएम. एसक्यूएमची सूत्रं वर्षानुवर्षं हुलिओ पोन्से लेरू यांच्या हातात, म्हणजे पिनोचेच्या माजी जावयाच्या. सरकारी मालकी म्हटलं की आपल्याला वाटतं मामला सुटला. २०१८ च्या नव्या करारात कोर्फोने टक्के बरेच वाढवले : टनाचा भाव १० हजार डॉलरच्या वर गेला की वरच्या भागावर ४० टक्के. २०२२ च्या अखेरीस भाव ८० हजारांच्या पुढे गेला होता, तेव्हा चिलीच्या तिजोरीत पैसा मावेना. आम्ही गेलो तेव्हा तो घसरून १० हजारांच्या आसपास.

मे २०२४ मध्ये सरकारी तांबे कंपनी कोदेल्को आणि एसक्यूएम यांनी २०६० पर्यंत मिळून काम करायचा करार केला. सरकारचा हिस्सा निम्मा अधिक एक शेअर. त्याआधी जानेवारीतच गावांनी मिठागराकडे जाणारे रस्ते अडवले होते. बोलणी झाली राजधानी सान्तियागोत आणि आम्हाला कळलं बातम्यांतून, ही गावांची तक्रार. अर्जेंटिनात प्रांत, इथे राष्ट्र. मालकाचं नाव वेगळं, आमंत्रण मात्र दोन्हीकडे उशिराच.

चाक्सा तळ्यावर संध्याकाळी गेलो. राखीव क्षेत्र आहे, तोकोनाओ गाव वनखात्यासोबत चालवतं. फ्लेमिंगो होते. थोडे, लांब, पाण्यात माना घालून. उरणला पाणजेच्या पाणथळीवर मी ते बघत मोठी झालेय, त्यामुळे आनंदापेक्षा मोजायची सवय आधी जागी होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मोजलं : या मिठागरात अकरा वर्षांत दोन जातींचे फ्लेमिंगो १० आणि १२ टक्क्यांनी घटले. पुन्हा टक्के. हे कुणी कुणाला देऊ केलेले नाहीत.

दिवस सातवा : पेइने

मिठागराच्या दक्षिण टोकाचं गाव. डोंगराच्या कुशीत झरा, झऱ्यावर डाळिंबं आणि मक्याची चिमूटभर शेतं, आणि समोर क्षितिजापर्यंत पांढरं-राखाडी मैदान, नांगरलेल्या ढेकळांसारखं. दूरवर तलावांच्या निळ्या-पिवळ्या पट्ट्या.

इथल्या भांडणाचं मर्म मला आमच्या विहिरीमुळे कळलं. खाडीकाठच्या विहिरीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. आई कळशी अलगद टाकायला सांगायची, खोल जाऊ द्यायची नाही. पंप लावून उपसलं की आठवड्यात चहा खारट. आताकामात हेच, पण आडवं. अँडीजचा बर्फ वितळून गोडं पाणी जमिनीखालून मिठागराच्या काठाशी येतं, जड खाऱ्या पाण्याला टेकून वर चढतं, आणि त्या शिवेवरच तळी, कुरणं, फ्लेमिंगो. मधोमध खारं पाणी उपसलं की टेकण सरकतं. कायद्याने मात्र हे दोन वेगळे विषय आहेत. गोडं ते पाणी, त्याचे हक्क वेगळे. खारं म्हणजे ‘साल्मुएरा’, ते खनिज. एका लिटरमध्ये लिथियम जेमतेम दीड ग्रॅम. बाकी जवळजवळ सगळं पाणी हवेत जातं, पण कागदावर पाण्याचा थेंबही वापरला नाही असं म्हणता येतं.

सगळा दोष लिथियमचाही नाही. पेइनेजवळच्या तिलोपोसो कुरणाखालचं पाणी एस्कोंदिदा तांब्याच्या खाणीने २०१९ पर्यंत उपसलं. पातळी २५ सेंटिमीटरहून जास्त उतरू द्यायची नाही अशी अट होती. २५ सेंटिमीटर म्हणजे एक वीत. ती वीत ओलांडली गेली, आणि २०२२ मध्ये सरकारनेच एस्कोंदिदा, साल्दीवार ही दुसरी तांब्याची खाण आणि आल्बेमार्ल यांच्यावर दावा लावला. एसक्यूएमचंही असंच. मंजुरीपेक्षा जास्त खारं पाणी उपसल्याचा आणि कामार गावाजवळच्या आल्गारोबो झाडांकडे दुर्लक्ष केल्याचा आरोप २०१६ मध्ये पर्यावरण अधीक्षकांनी ठेवला. कंपनीची सुधारणा योजना मान्य झाली, गावं कोर्टात गेली, डिसेंबर २०१९ मध्ये आंतोफागास्ताच्या पर्यावरण न्यायालयाने ती योजना रद्द केली. शंका असेल तर निसर्गाच्या बाजूने झुका, असं न्यायालयाचं म्हणणं. २०२२ मध्ये नवी योजना मंजूर झाली. उपसा या काळात चालूच राहिला.

दुपारी गावाबाहेरच्या रस्त्यावर एक जीप उभी दिसली. पंचविशीची मुलगी, पाठीवर आताकामा लोकांच्या परिषदेचं जाकीट. जमिनीतून गुडघाभर वर आलेल्या लोखंडी नळीचं टोपण उघडून ती आत फीत सोडत होती. आम्ही बघत उभे राहिलो तसं तिनेच बोलावलं. शिंप्याच्या टेपसारखी फीत, चकरीवर गुंडाळलेली, टोकाला धातूचं बोंड. ते पाण्याला टेकलं की चकरी वाजते. कंपनी मोजते, सरकार मोजतं, आणि आता आम्हीपण मोजतो, ती म्हणाली. परिषदेने स्वतःचा पर्यावरण विभाग काढला आहे.

भाच्याने अवघड प्रश्न विचारला. आल्बेमार्लने २०१६ पासून विक्रीच्या ३.५ टक्के परिषदेला द्यायचं कबूल केलंय. मग ही जीप, हे यंत्र, तिचा पगार?

ती हसली. “मिठाचाच पैसा. माझी आजी या जीपमध्ये बसत नाही.”

“आणि तू?”

“मला विहिरीपर्यंत पोचायचं असतं.”

तिने चकरी माझ्या हातात दिली. फीत सैल सोडायची, घाई करायची नाही, ओढ लागू द्यायची नाही. मी सोडत गेले. वारा एवढा की नळीच्या तोंडावर शीळ वाजत होती. फीत खाली, अजून खाली. कळशी अलगद टाक, हे आईचं बोलणं हातातच होतं. भाचा नळीला कान लावून बसला होता.

चकरी वाजली. मुलीने फितीवर नळीच्या कडेशी नखाने खूण धरली, वाकून आकडा वाचला, वहीत लिहिला. पुन्हा एकदा सोडायला सांगितली. दोनदा मोजायचं असतं.